कोरडा खड्डा

पोर्तो. रात्री दोन ते चार.
कुरव पक्षी छपरांवर गप्प, शेवटची ट्राम डेपोत,
चढणीवरचे ग्रॅनाइटचे दगड अजून दुपारचं ऊन सोडतायत.
एवढ्याच वेळात आमचं काम.
मी व्हॉल्व्हचं झाकण उचलते,
लाकडी दांड्याचं पितळी टोक नळावर टेकवते,
दुसरं उजव्या कानाला.

डावा कान लहानपणी गोवरात गेला.
मुलाखतीत सांगितलं नव्हतं.
जासिंतूला पहिल्याच रात्री कळलं. म्हणाला,
बरंय, एक खिडकी बंद असली की
वारा कुठून येतो ते नक्की कळतं.
निवृत्त होताना त्यानेच हा दांडा दिला.
चाळीस वर्षं घासून त्याच्या कानाएवढी वाटी पडलीय लाकडात,
माझा कान तिच्यात जरा सैल बसतो.

त्याने शिकवलेलं:
बिडाचा नळ बडबड्या, लांबून हाक मारतो.
प्लास्टिकचा नळ सगळं पोटात ठेवतो.
बारीक भोक शिट्टी घालतं, मोठं नुसती धाप टाकतं,
आणि माणूस धावतो शिट्टीमागे.
शिवाय फ्रीज, ट्रान्सफॉर्मर, कुणाची निजानीज झाल्यावरची अंघोळ,
सगळे गळतीचं सोंग आणतात.

गेल्या महिन्यात मी फसले.
निळी फुली मारली, सकाळी माणसं आली, दगड उपटले,
दीड मीटर खाली माती कोरडी ठणठणीत
आणि नळ धडधाकट.
बेकरीच्या तळघरातला पंप होता तो.
मुकादम काही बोलला नाही.
खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्या कानाकडे.
नेमक्या डाव्या.

आज पुन्हा तीच टेकडी.
मीटर म्हणतो, तासाला नऊ हजार लिटर
इथंच कुठेतरी पाणी मुरतंय.
तेल्मो गाडीत बसलाय. दोन व्हॉल्व्हांवर दोन सेन्सर,
आवाज इकडे आधी की तिकडे, किती मिलिसेकंदांनी,
पडद्यावर एक सुळका उभा राहतो.
"एक्केचाळीस मीटर!"
मी पावलं मोजत जाते. एक्केचाळीसवर शुकशुकाट.
नकाशात नळ सरळ आहे,
नळाला कुणी ते सांगितलेलं दिसत नाही.

तेहेतीसवर, पायऱ्यांच्या वळणाशी,
दांड्यात काहीतरी कुजबुजतं.
इतक्यात हिरवं दार उघडतं.
गाऊनवर पुरुषी कोट चढवलेली म्हातारी.
दारावर नाव: एर्मेलिंदा फ्रागोझु.
"ते ऐकायला आलात का?"

अकरा वर्षं, ती सांगते, पलंगामागच्या भिंतीत.
आधी उंदीर वाटले. ऑगस्टात बारीक होतो,
शेजारचे सुट्टीला गेले की जोर धरतो.
"तक्रार नाही केलीत?"
"केली की. फोनवरच्या पोराने विचारलं, पाणी दिसतंय का?
म्हटलं, ऐकू येतंय.
त्याने फोन ठेवला."

ती मला आत नेते. उशी बाजूला सारते.
तळहात भिंतीवर फिरवत, हळूहळू खाली,
तापलेल्या लेकराचं कपाळ चाचपावं तसा.
"इथे नाही. इथे."
मी वाकते, आणि घाईत डावा कान टेकवते.
ऐकू अर्थातच काही येत नाही.
पण गालाचं हाड गुणगुणतं.

बाहेर येऊन खडू काढते.
तेल्मोचे एक्केचाळीस, माझे तेहेतीस,
तिच्या उंबऱ्यापासून अडीच हात.
तेल्मो मान हलवतो: नको, बाई, या वेळी नको.
मी उंबऱ्याशी फुली मारते.

सकाळी साडेसात.
दगडांचा ढीग, गुडघाभर खड्डा. माती कोरडी.
मुकादम घड्याळ बघतो.
कमरेएवढा. कोरडीच.
एर्मेलिंदाबाई खुर्ची आणून दारात बसलीय,
कॉफीत पाव बुडवत, खड्ड्यात न डोकावता.
फावडं थांबतं.
"आणखी थोडं," ती म्हणते.